गॅलरी आवरायच्या आधी हे वाचा

स्टॅमफर्ड, कनेटिकट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, दादा-वहिनीला नमस्कार, ओजसला गोड पापा,

दादा, तुझा ग्रुपवरचा मेसेज वाचला, की बिल्डरचं पत्र आलंय, दिवाळीनंतर नौपाड्याची जागा रिकामी करून द्यायची, घोडबंदर रोडचा भाड्याचा फ्लॅट जवळजवळ फायनल आहे, आणि खाली तुझं ते वाक्य, बाबांची गॅलरी एका रविवारात क्लिअर करतो, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तिथे मी अडकले. उत्तर टाइप करायला लागले तर ते लांबतच गेलं, म्हटलं सरळ पत्रच लिहू. प्रिंट काढून बाबांना दे, त्यांना मोबाइलवर वाचायला त्रास होतो, आणि आईला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा, मधले तिच्यावरचे टोमणे न गाळता.

भंगारवाल्याला आधी थांबव. रद्दी दे, तुटक्या खुर्च्या दे, माझी बारावीची गाइडं दे, पण बाबा जिथे बसून चित्रं काढतात त्या गॅलरीतल्या सामानाला एवढ्यात हात लावू नकोस प्लीज. तुला वाटेल हिला अमेरिकेत बसून हुकूम सोडायला काय जातंय, हमाली आम्ही करायची. खरंय. म्हणूनच कारण नीट सांगते, मग तू ठरव.

मी अधूनमधून फोटो पाठवते त्यात आम्ही कायम कुठल्यातरी लाकडी घरासमोर उभे असतो ना, ती सगळी चित्रकारांची नाहीतर शिल्पकारांची घरं आहेत. इथे नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन म्हणून संस्था आहे, सरकारी नाही, आणि तिच्या छत्राखाली कलाकारांच्या घरांचं आणि स्टुडिओंचं एक नेटवर्क आहे, देशभरातली पन्नासच्या वर ठिकाणं त्यात आहेत. कुठे युनिव्हर्सिटी सांभाळते, कुठे छोटा ट्रस्ट, कुठे सरकार. सगळ्यांत समान गोष्ट एवढीच की तो माणूस तिथे खरंच राहिला, राबला, आणि आता आपल्यासारख्यांना तिकीट काढून आत जाता येतं. म्यूझियममध्ये चित्रं दिसतात. इथे चित्रं फारशी नसतातच, ती कधीच विकली गेलेली असतात, इथे दिसतात ते डबे, फडकी, खिडकी कुठल्या बाजूला आहे, स्टूल किती उंच आहे. अमेयला सुरुवातीला कळेचना की चित्रकाराच्या घरी चित्रंच नाहीत तर बघायचं काय. मला समजावून सांगावं लागलं नाही, मी टर्पेंटाइनच्या वासात पाढे पाठ केलेत.

आमच्या सगळ्यात जवळचं म्हणजे वेअर फार्म. डॅनबरीच्या लाइनवर ब्रँचव्हिल म्हणून स्टेशन लागतं, तिथून जवळ. जे. आल्डन वेअर हा इथला इम्प्रेशनिस्ट चित्रकार, त्याला 1882 साली ही 153 एकर शेतजमीन मिळाली ती दहा डॉलर आणि एका चित्राच्या बदल्यात. परत वाच दादा, दहा डॉलर आणि एक चित्र, आणि तू तिकडे एका पार्किंगसाठी बिल्डरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवतोयस. तर तो 1919 मध्ये गेला, मग त्याची मुलगी डोरोथी, तीही चित्रकार, तिचा नवरा महॉनरी यंग शिल्पकार, त्याने शेजारी स्वतःचा स्टुडिओ बांधला, आणि त्यांच्यानंतर स्पेरी आणि डोरिस अँड्र्यूज हे चित्रकार जोडपं तिथे राहिलं. म्हणजे जागा एक आणि एकामागून एक माणसं तिथे कामच करत राहिली, दुकान कधी बंद पडलंच नाही. आजूबाजूला प्लॉट पडायला लागले तेव्हा या लोकांनी खटपट करून 1990 मध्ये ती केंद्र सरकारच्या नॅशनल पार्कच्या खात्यात आणली. बाबा, तुम्हाला आवडेल असं पुढे आहे. तिथे आत शिरलात की सीझनमध्ये ते तुम्हाला जलरंग, पेन्सिली, कागद फुकट वापरायला देतात, जा आणि कुठेही बसून काढा. तळं आहे, दगडी कुंपणं आहेत, लाल रंगाची घरं आहेत. मी एक गोठा काढला. पर्स्पेक्टिव्ह असं गंडलं की तुम्ही वर्गात असतात तर पट्टी घेऊन उभे राहिला असतात. पण शेजारी बसलेल्या आजींनी छान छान म्हटलं, इथे सगळ्यालाच छान म्हणतात म्हणा.

आता चित्रकार जॅक्सन पोलॉकचं घर. बाबा, तुम्ही त्याला रंग सांडणारा म्हणायचात आणि मग तासभर त्याच्यावरच बोलायचात. लाँग आयलंडच्या टोकाला, ईस्ट हॅम्प्टनजवळ स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, तिथे त्याने आणि त्याच्या बायकोने, ली क्रॅझनरने, 1945 मध्ये साधं लाकडी घर घेतलं. पैसे नव्हतेच, डाउन पेमेंटसाठी पेगी गुगेनहाइमने, जिच्या गॅलरीत त्याची चित्रं लागायची तिने, उसने दिले. मागे एक छोटं कोठार होतं ते खाडीचा देखावा अडवत होतं, म्हणून ते उचलून बाजूला सरकवलं आणि त्याचा स्टुडिओ केला. त्यात सुरुवातीची काही वर्षं हीटिंगसुद्धा नव्हतं, आणि इथली थंडी काय असते ते मी दर जानेवारीत रडून सांगत असतेच. कॅनव्हास जमिनीवर पसरायचा आणि चारही बाजूंनी फिरत वरून रंगाची धार सोडायची, हे सगळं तिथे झालं. न्यूयॉर्कच्या मेट म्यूझियममध्ये त्याचं ऑटम ऱ्हिदम नावाचं चित्र आहे, 1950 चं, सतराएक फूट लांब, तेही त्याच जमिनीवर केलेलं.

आत जायच्या आधी बूट काढायला लावतात आणि मऊ सपाता देतात. का, तर तुम्ही त्या जमिनीवरूनच चालणार असता. आणि ती जमीन, काय सांगू, कॅनव्हासच्या कडेबाहेर जे जे उडालं, ओघळलं, ठिबकलं ते सगळं अजून तिथे आहे, ॲल्युमिनियमचा चंदेरी, निळा, काळा, पिवळा, आणि मधेच एखादी सरळ रेघ जिथे कॅनव्हासची कड होती. हे वाचलं कसं ते ऐक. 1953 मध्ये त्यांनी कोठार दुरुस्त केलं तेव्हा त्या जमिनीवर मॅसोनाइटचे, म्हणजे हार्डबोर्डचे, चौकोनी तुकडे ठोकले. कुणी जपायला म्हणून नाही, नुसती वरून नवी फरशी केली. 1956 मध्ये तो गाडीच्या अपघातात गेला. पुढे क्रॅझनर 1984 मध्ये वारली, तिने मृत्युपत्रात घर लोकांसाठी ठेवायचं लिहून ठेवलं होतं, म्हणून आतली मंडळी कामाला लागली, वरचे तुकडे उचकटले, आणि खाली ही सगळी जमीन जशीच्या तशी. 1988 पासून ते लोकांना खुलं आहे. आई, तू दर दिवाळीला गॅलरीच्या फरशीवर रॉकेल ओतून काथ्याने घासत बसायचीस आणि बाबांच्या सात पिढ्या उद्धरायचीस. इथे लोक चार तास गाडी चालवून न घासलेली जमीन बघायला येतात. अर्थात तू घासत होतीस म्हणून त्या घरात माणसं राहू शकली, हेही मला कळतं.

पण मला त्या घरात जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते वरच्या मजल्यावर. नवरा कोठारात मोठमोठे कॅनव्हास करत होता तेव्हा क्रॅझनर वरच्या एका छोट्या बेडरूममध्ये चित्रं काढायची, म्हणून ती चित्रंही छोटी, दाट, बारीक कामाची. तो गेल्यावर ती कोठारात गेली आणि चित्रं एकदम मोठी झाली. कोठारात ती त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं राबली. भिंतीवर जे रंग उडालेत ते तिचे आहेत, कारण ती कॅनव्हास भिंतीला लावून काम करायची. लोक मात्र खाली मान घालून जमीनच बघत असतात. मी अमेयला म्हटलं, जागा मिळेल तेवढंच चित्र. हे फक्त चित्राबद्दल म्हणत नव्हते हे त्याला कळलं बहुतेक, कारण घरी आल्यावर त्याने मुकाट्याने जेवणाच्या टेबलावरचा त्याचा दुसरा मॉनिटर उचलला.

वहिनी, तुझ्यासाठी एक गोष्ट आहे. हडसन नदीकाठी ओलाना म्हणून एक घर आहे, फ्रेडरिक चर्च नावाच्या चित्रकाराने टेकडीवर बांधलेलं, तो मध्यपूर्वेत फिरून आला होता त्यामुळे पर्शियन कमानी आणि रंगीत नक्षी, लांबून बघितलं तर अमेरिकेत आहे असं वाटणार नाही. समोर नदीपल्याड त्याचा गुरू थॉमस कोल याचं घर, तेही जपलंय. चर्च 1900 मध्ये गेला. घर मुलाकडे आणि सुनेकडे आलं. सुनेचं नाव सॅली. तिने ते साठ वर्षांवर जसंच्या तसं ठेवलं, गालिचे, भांडी, चित्रांच्या जागा, सगळं. ती 1964 मध्ये गेली तेव्हा वारसदार लिलाव करणार होते, मग डेव्हिड हंटिंग्टन म्हणून कलेचे एक अभ्यासक धावपळ करत सुटले, पैसे गोळा केले, लाइफ मासिकात छापून आणलं, आणि 1966 मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते विकत घेतलं. धावपळ करणाऱ्यांची नावं पाटीवर असतात, पण सुनेने तोवर काही टाकलं नव्हतं म्हणून त्यांना धावायला काहीतरी शिल्लक होतं. मी नीट बघितलं तर बहुतेक ठिकाणी हेच. वेअरची मुलगी, पोलॉकची बायको, चर्चची सून. घाबरू नकोस, तुला साठ वर्षं गॅलरी सांभाळायला सांगत नाहीये. नवऱ्याला एक रविवार आवर एवढंच.

बाबा गच्चीत चित्र का न्यायचे आठवतंय ना? तलावपाळीचं चित्र अर्धवट असलं की ते काखोटीला मारून वर टाकीपाशी न्यायचे, लांब उभे राहून बघायचे, परत खाली आणायचे, आणि आई म्हणायची शेजाऱ्यांना दाखवायला नेतात. तर स्टॉकब्रिजला चेस्टरवूड म्हणून डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराचं घर आहे. वॉशिंग्टनमधला तो खुर्चीत बसलेला अवाढव्य लिंकन याचाच. त्याच्या स्टुडिओच्या जमिनीत रेल्वेचे रूळ आहेत! खरेच रूळ. मोठी शिल्पं गाड्यावर उभी करायची, भलेमोठे दरवाजे उघडायचे आणि ढकलत बाहेर उन्हात न्यायची, बघायची, गोल फिरवायची, परत आत. कारण पुतळा उभा राहणार उघड्यावर आणि घडतोय चार भिंतींत, दोन्ही उजेड वेगळे. हा स्टुडिओ 1898 चा, बांधला हेन्री बेकनने, ज्याने पुढे लिंकन मेमोरियलच बांधलं. आणि गंमत बघा, एवढी काळजी घेणारा माणूस, तर 1922 मध्ये मेमोरियल खुलं झालं तेव्हा समोरून आणि खालून येणाऱ्या उजेडाने लिंकनचा चेहरा भलताच दिसायला लागला, दचकल्यासारखा, आणि मग वरून विजेचे दिवे बसवावे लागले. मी त्या रुळांपाशी उभी राहून आईला फोन करणार होते पण तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

सगळीच घरं भारी असतात असं नाही हं. काही ठिकाणी पॅलेटवर रंगाचे ताजे गोळे ठेवतात, खुर्चीवर कोट टाकतात, जणू मालक आत्ता चहा प्यायला गेलाय. मला ते खोटं वाटतं. त्यापेक्षा चित्रकार नॉर्मन रॉकवेलचा स्टुडिओ बरा, तोही स्टॉकब्रिजलाच. तो त्यांनी 1986 मध्ये गावातून अख्खा उचलून दोन मैलांवर म्यूझियमच्या आवारात नेला, आणि आत मांडणी ऑक्टोबर 1960 ची ठेवलीय, तेव्हा तो एका ठराविक चित्रावर काम करत होता, म्हणजे निदान स्पष्ट सांगतात की बाबा रे ही त्या महिन्याची मांडणी आहे. न्यूयॉर्कला स्प्रिंग स्ट्रीटवर डोनल्ड जड या शिल्पकाराचं पाच मजली बीडाच्या दर्शनी भागाचं घर आहे, 1870 च्या इमारतीत, त्याने 1968 मध्ये घेतलेलं, दुरुस्ती होऊन 2013 मध्ये उघडलं. तिथे एकेक वस्तू तोलून मापून ठेवलेली, त्याने ठेवली तिथेच. छान आहे पण मला श्वास घ्यायला भीती वाटत होती, आई तर तिथे एक दिवस राहिली नसती.

उलट मला सगळ्यात आवडलं ते पेनसिल्व्हेनियातलं न्यू होप. जॉर्ज नाकाशिमा, जपानी आईबापांचा अमेरिकन मुलगा, शिकलेला आर्किटेक्ट, आणि बाबा, हा माणूस तीसच्या दशकात पाँडिचेरीला होता, अरविंदांच्या आश्रमाची गोलकोंड नावाची इमारत त्याच्या देखरेखीखाली झाली, आश्रमात त्याचं नाव सुंदरानंद. तिथून परत आला आणि महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांबरोबर यालाही बायको आणि तान्ह्या मुलीसकट छावणीत कोंडलं. त्या छावणीत त्याला एक जुना जपानी सुतार भेटला, त्याच्याकडे हा जोडकाम शिकला. सुटका झाल्यावर न्यू होपला येऊन लाकडाचं काम सुरू केलं आणि 1990 मध्ये वारला. इतर ठिकाणी शांतता असते ना, इथे करवतीचा आवाज येतो. तीच मुलगी, मीरा, मोठी होऊन कारखाना चालवायला लागली, झाडांच्या अख्ख्या फळ्या शेडमध्ये वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या असतात, काही तर म्हाताऱ्याने स्वतः निवडून ठेवलेल्या. तिथून निघताना गाडीत मी गप्प होते, कारण तुझा पहिला मेसेज, फ्लॅट बघतोय वाला, त्याच दुपारी आला होता.

आता मुद्द्याचं. अमेय म्हणाला, आणि तूही म्हणशील, की बाबा काही पोलॉक नाहीत. माहितीये. ते ठाण्यातले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर आहेत, त्यांनी अर्ध्या नौपाड्याला एलिमेंट्री-इंटरमीजिएट पास करवलंय, गणपतीत मंडळाचे पडदे रंगवलेत, आणि मासुंदा तलाव इतक्या वेळा काढलाय की तलावालाही कंटाळा आला असेल. कोणी तिकीट काढून आपल्या गॅलरीत येणार नाही आणि मला म्यूझियम करायचंही नाही. पण मी बघितलेल्या जवळजवळ सगळ्या घरांत माणूस गेलेला आहे आणि मागचे लोक त्याचं स्टूल कुठे होतं ते फोटोत शोधतायत. आपल्याकडे माणूस आहे, रोज सकाळी पेपर वाचून झाल्यावर गॅलरीत जाऊन बसतोय. त्याची मांडणी मोडून खोक्यांत भरून भलत्याच फ्लॅटमध्ये नेऊन ठेवलीस, तर बाबा ती खोकी उघडणार नाहीत. आत्या वारल्या त्या वर्षी त्यांनी ब्रश बाजूला ठेवला होता तो परत हातात घ्यायला किती वेळ गेला ते तूच बघितलंयस. नवी बिल्डिंग होईपर्यंत तीन वर्षं म्हणतोय बिल्डर, म्हणजे पाच धर. पंच्याहत्तरीच्या माणसाची पाच वर्षं खोक्यात नको.

म्हणून एक प्रकार सांगते तो कर. लंडनला फ्रान्सिस बेकन म्हणून चित्रकार होता, 1992 मध्ये वारला. त्याचा स्टुडिओ म्हणजे छोटी खोली आणि गुडघाभर पसारा, फाटके फोटो, पुस्तकं, रंगाचे डबे, कापलेले कॅनव्हास, दरवाज्यावरच रंग पुसून पुसून थर चढलेले. 1998 मध्ये त्याच्या वारसाने ती अख्खी खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला दिली. मी डब्लिनला गेलेली नाही, पण त्यांनी ती कशी हलवली ते वाचून मी चाट पडले. उत्खनन करणारे आर्किऑलॉजिस्ट बोलावले. त्यांनी आधी काहीही न हलवता नकाशे काढले, कुठली वस्तू कुठे, कशाच्या खाली, मग एकेकीला नंबर दिला, सात हजारांवर वस्तू निघाल्या, भिंती, दरवाजे, जमीन, छत सगळं सोडवून नेलं, आणि धूळ, होय धूळसुद्धा गोळा करून नेली. 2001 मध्ये सगळं परत तसंच मांडून उघडलं.

आपल्याला धूळ नको, वहिनी शांत हो. पण क्रम तोच ठेवायचा. ओजसला शनिवारी मोबाइल दे आणि गॅलरीचे फोटो काढायला लाव, सगळं जिथे आहे तिथे असताना, वरून, बसल्या उंचीवरून, बाबा स्टुलावर बसलेले असताना आणि नसताना. त्याला असली कामं आवडतात, नंबरची स्टिकरं चिकटवायला मिळाली की खूश. मग टेप घेऊन मोजा, स्टूल खिडकीपासून किती, ईझल स्टुलापासून किती, हिंगाच्या डब्यातले ब्रश कुठल्या हाताला, पाण्याचा डबा कुठल्या हाताला, फडकं कुठल्या खिळ्याला. हे बाबांना विचारू नका, त्यांना सांगता येणार नाही, त्यांचा हात जातो तिथे ते असतं. मग एकेका फळीचं सामान एकेका खोक्यात, खोक्यावर फळीचा नंबर, आणि नव्या फ्लॅटमध्ये किचनच्याही आधी ही खोकी उघडायची. आई चिडेल. चिडू दे, चहा त्या दिवशी खालून मागवा.

फ्लॅट फायनल करताना फक्त एक बघ, कुठलीतरी एक खिडकी उत्तरेला हवी. या बहुतेक जुन्या स्टुडिओंमध्ये मोठी खिडकी उत्तरेकडेच सापडते, कारण तिकडून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो, सावल्या पळत नाहीत. आपल्या गॅलरीचं तोंड उत्तरेला आहे हा योगायोग असेल, पण बाबांनी बेडरूम आईला देऊन गॅलरी घेतली हा योगायोग नव्हता. तू पाठवलेल्या प्लॅनमधली दुसरी बेडरूम मला उत्तरेची वाटतेय, कंपास लावून खात्री कर, आणि ती ओजसला न देता बाबांना दे. ओजसला मी समजावते, त्याबदल्यात काय हवं ते त्याने मला सांगावं, तुम्हाला नाही.

फरशी पांढरी चकचकीत असणार, मालक डिपॉझिटमधून कापेल या धास्तीने बाबा रंगाची ट्यूबच उघडणार नाहीत, मी ओळखते त्यांना. तर जांभळी नाक्यावरून नाहीतर कुठूनही प्लायची एक शीट आण आणि त्या खोलीत खाली टाक. पोलॉककडे वर हार्डबोर्ड होता आणि खाली रंग, आपल्याकडे उलटं.

चित्रांबद्दल दोन गोष्टी, मग संपलं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते, मध्ये बटर पेपर घाला, आणि तैलचित्रं प्लॅस्टिकमध्ये घट्ट पॅक करून ठेवू नका, आपल्या हवेत आत ओल धरून बुरशी येते. उभी ठेवा, एकावर एक आडवी रचू नका. टर्पेंटाइनची बाटली मूव्हर्सवाले घेणार नाहीत, ती बाबांकडून संपवून घ्या किंवा तू स्वतः ने. ज्या भिंतीला बाबा ब्रश पुसतात ती भिंत जाणार, तिचा एक चांगला फोटो काढ, बाकी इलाज नाही.

आणि इथल्या घरांचं एवढं सांगतेय तर आपल्याकडचंही सांगते, नाहीतर बाबा म्हणतील पोरगी गेली ती गेलीच. अलिबागजवळ सासवण्याला विनायकराव करमरकरांचं घर आहे, नानासाहेब करमरकर, पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांचा. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेलं महाराजांचं चित्र रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरने बघितलं आणि पोराला मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमध्ये धाडलं. त्यांचं गावचं घर आता संग्रहालय आहे, घरच्या मंडळींनीच जपलेलं, अंगणात, ओटीवर, खोल्यांमध्ये त्यांची शिल्पं, बरीचशी सिमेंटमधली, आणि ती म्हैस, जी खरी समजून लोक बाजूने जातात. आपण ठाण्याहून अलिबागला किती वेळा गेलो, प्रत्येक वेळी बीच आणि किल्ला आणि मासे, आणि बाबा दरवेळी म्हणायचे वाटेत सासवणं आहे, आणि आपण म्हणायचो उशीर होतोय. आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, गाडीसकट मांडव्याला उतरता, तिथून सासवणं अगदी जवळ. शिफ्टिंगच्या धबडग्याआधी एक रविवार न्या त्यांना. जपलं नाही तर काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याच वाटेवर आहे, मळवलीला. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू होऊन नंतर तिथे गेला, घराघरातली लक्ष्मी-सरस्वती त्यानेच छापली, आणि 1972 मध्ये आगीत गेला. पुण्याला जाताना ट्रेनच्या खिडकीतून बाबा बोट दाखवायचे, आपण चिक्कीच्या दुकानांची नावं मोजत असायचो.

आई, तुझं शिलाई मशीन कुठे ठेवणार ते दादाने कुठेच लिहिलं नाहीये, मी दोनदा वाचला मेसेज. ते पॅसेजमध्ये जाऊ देऊ नकोस. बाबांच्या खोलीत अर्धी खिडकी तुझी असं आत्ताच सांगून ठेव, उत्तरेच्या उजेडात सुईत दोराही पटकन ओवला जातो. बाबा कुरकुरतील, त्यांना वरची ली क्रॅझनरची गोष्ट परत वाचून दाखव.

व्हिसाचे कागद मी मेल केलेत, दादा तेवढे प्रिंट करून सह्या घे. वेअर फार्मची घरं मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडी असतात, म्हणून तिकिटं जूनची बघतेय, मुंबई-न्यूयॉर्क डायरेक्ट मिळालं तर बरं, नाहीतर आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर सांगावी लागेल आणि ती नाही म्हणेल. बाबांनी येताना रंग आणू नयेत, फक्त त्यांचे दोन सपाट ब्रश आणावेत, इथले त्यांना आवडणार नाहीत. फ्लॅटच्या प्लॅनवर उत्तर कुठली ते खूण करून मला आजच पाठव.

तुमची,
मनू